शेवंतीची लाईट आणि ३.३ व्होल्टचा घोळ

शेवंतीला रात्रीची लाईट देणारे काही जण आता साधा टायमर सोडून छोट्या संगणकाकडे वळलेत, म्हणून ही नोंद.

रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते. म्हणून लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे आपण मध्यरात्री लाईट लावून तिची रात्र मोडतो, तेव्हा कुठे दांडा वाढतो. उजेड कमी पडला तर झाड बुटकं असतानाच कळी येते. आखूड दांड्याला बाजारात कोण विचारतो?

आमच्या पॉलीहाऊसमध्ये भाच्याने रास्पबेरी पायवर १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या चालवल्या. मधे बाजारातलं तयार मॉस्फेट मॉड्यूल. पट्ट्या लागायच्या, पण मिणमिणत्या. मॉस्फेटला बोट लावलं तर चटका. "मामा, पट्टीच खराब निघाली." म्हटलं, आधी मीटर लाव. सप्लायवर १२ व्होल्ट, पट्टीवर साडेआठ! उरलेले साडेतीन मॉस्फेटमध्येच उष्णता होऊन जात होते.

मॉस्फेट म्हणजे ठिबकचा व्हॉल्व्ह समजा. मॉड्यूलवर होता आयआरएफ ५२०. तो पूर्ण उघडण्याचा हिशेब गेटवर १० व्होल्ट धरून असतो, आणि रास्पबेरी पायची पिन देते फक्त ३.३. व्हॉल्व्ह अर्धवटच उघडणार.

उपाय असा केला:

१. मॉस्फेट बदलून आयआरएलझेड ४४ एन घेतला. हा गेटवर ५ व्होल्ट मिळाले की व्यवस्थित उघडतो.

२. ३.३ चे ५ करायला मधे ७४ एएचसीटी १२५ ही आयसी टाकली. तिला सप्लाय ५ व्होल्टचा. इनपुटला २ व्होल्टच्या वर आलं की ती 'चालू' समजते, आणि पुढे जवळपास ५ देते. तिची इनेबल पिन ग्राउंडला जोडायची.

३. आयसीच्या इनपुटला आणि मॉस्फेटच्या गेटला १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडकडे. संगणक सुरू होताना पट्ट्या भलत्या वेळी लागत नाहीत.

४. रास्पबेरी पाय, आयसी आणि १२ व्होल्टचा सप्लाय, तिघांचं ग्राउंड एकच.

आता पट्टीवर जवळपास १२ मिळतात आणि मॉस्फेट हाताला लागतही नाही. पण तोवर एका बेडवर कळ्या दिसायला लागल्या होत्या. त्या बेडचा दांडा आता आखूडच राहणार.

एक सांभाळा: रास्पबेरी पायच्या पिनला उलटे ५ व्होल्ट कधी देऊ नका, पिन जळते.

ओळखायची खूण सोपी आहे. पट्टी फक्त शेवटाला मंद असेल तर वायर किंवा पट्टीची लांबी बघा. सुरुवातीपासून मंद आणि मॉस्फेट गरम असेल तर गेटचं व्होल्टेज मोजा. लाईट लागली एवढ्यावर निवांत झोपू नका, पट्टीवर मीटर लावूनच झोपा.