तयार छटा

वाडवडिलांना नटवण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. पूर्वी ती चित्रकाराच्या कुंचल्याने भागे, पुढे फोटोवाल्याच्या स्टुडिओत भागू लागली, आणि आता ती संगणकावरच्या एका टिचकीने भागते. गेल्या पावसाळ्यात घरातले जुने फोटो स्कॅन करायला बसलो, तेव्हा मलाही ती हौस लागली.

फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रीसेट’ नावाच्या तयार छटांची लांबलचक यादी असते. उजेड किती, गडदपणा किती, कोणता रंग किती, हे आकडे कुणीतरी एकदा ठरवून ठेवलेले असतात. आपण नावावर बोट ठेवायचे, की ते सारे आपल्या फोटोला लागू! माप न घेता शिवून ठेवलेले सदरेच म्हणा ना. कुणाला ते बेतशीर बसतात, कुणाच्या बाह्या लोंबतात.

बहिणीच्या लग्नाला सदरा छान बसला. १९८२ सालचे ते रंगीत फोटो अल्बममध्ये राहून तांबूस झाले होते. त्या काळच्या रंगीत कागदातले निळसर द्रव्य अंधारातसुद्धा उडत जाते आणि मागे तांबडेपणा उरतो. एका टिचकीने तो आवरला आणि मांडवातली आंब्याची पाने चाळीस वर्षांनी पुन्हा हिरवी झाली. आपल्या शालूचा रंग बहीण स्वतःच विसरली होती. ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

त्याच दुपारी नातवाने आपला परवाचा फोटो ‘सेपिया’ करून टाकला. म्हातारे फोटो तरुण होण्याच्या मागे, आणि तरुण फोटो म्हातारे होण्याच्या! वास्तविक ही तपकिरी छटा म्हातारपणाची खूण नव्हेच. फोटोतल्या चांदीचे सल्फाइड केले की ती येई, आणि असा फोटो अधिक टिके. ती दीर्घायुष्याची खूण.

आजीच्या फोटोपाशी मात्र माझे बोट थबकले. हा फोटो १९५८ सालचा, वाईच्या एका स्टुडिओत काढलेला. चुलतभावाला भिंतीवर लावण्यासाठी त्याची मोठी प्रत हवी होती. आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर, कपाळावर त्यांचे वण होते. ‘नितळ त्वचा’ या छटेने ते क्षणात नाहीसे झाले आणि आजीचा चेहरा दुधावरच्या सायीसारखा दिसू लागला. चुलतभाऊ म्हणाला, “दादा, हाच पाठव. किती छान दिसतेय!”

आत्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “त्या वणांपायी तिचं लग्न दोन वर्षं अडलं होतं. आणि पुढं देवी डॉक्टर गावात आला, की तेच वण दाखवत ती घरोघर हिंडायची. ‘माझं तोंड बघा नि पोरांना देवी काढून घ्या,’ म्हणायची. फोटोवाल्यानं तिला विचारलं होतं रे, डाग झाकू का म्हणून. ती म्हणाली, राहू द्या, आहे तशी काढा.”

जुने फोटोवालेही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून डाग झाकीत, हे खरे. पण पेन्सिल उचलण्यापूर्वी त्यांना समोरच्या माणसाला विचारता येई. तयार छटा कुणाला विचारणार? मुरुमाची पुळी आणि देवीचा वण तिला सारखेच. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांनी असे चेहरे क्वचितच पाहिले आहेत, आणि पुढे तर ते फोटोतच उरतील.

मला वाटते, फोटोत दोन वये असतात : एक कागदाचे, दुसरे माणसाचे. कागदाचे वय खुशाल पुसावे. माणसाचे त्याने होय म्हटल्यावाचून पुसू नये. आणि आजीने तर स्पष्ट नाही म्हटले होते.

मी कागदावरची घडी काढली, वाळवीने खाल्लेला कोपरा भरला, विटलेला काळा रंग गडद केला. वण तसेच ठेवून प्रत पाठवली. चुलतभाऊ थोडा हिरमुसला. पण फोटो भिंतीवर लागला. परवा त्याच्या नातीने विचारले म्हणे, “खापरपणजीच्या गालावर हे काय आहे?”

उत्तर द्यायला आत्या तिथेच बसली होती.