मुंबई एका रात्रीवर

नांदेडहून मुंबई रेल्वेने सहाशे किलोमीटरांच्या आसपास. हैदराबाद त्याच्या निम्म्याहूनही कमी. या शहराचा स्वभाव कळायला ही दोन अंतरे आधी ध्यानात घ्यावी लागतात. १९५६ पर्यंत नांदेडची राजधानी हैदराबादच होती. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपले, आठ वर्षांनी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कागदावर राजधानी बदलली, पण पायाखालची वाट लगेच बदलत नाही. लग्नाचा बस्ता, अवघड शस्त्रक्रिया, पोराची सॉफ्टवेअरची नोकरी यांसाठी आजही कितीतरी घरे हैदराबादची गाडी धरतात. बिर्याणी आणि दालचा इथे पाहुण्यांचे पदार्थ नाहीत, घरचेच आहेत. जुन्या शहरात दख्खनी उर्दू आणि मराठवाडी मराठी एकाच वाक्यात नांदतात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा न्यायमूर्ती शिंदे समितीलाही अखेर हैदराबादचे दप्तर उघडावे लागले.

रेल्वेचेही तेच. मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामाच्या काळातला, मीटरगेज. नव्वदच्या दशकात त्याचा मनमाड-नांदेड भाग रुंद होईपर्यंत मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला उतरून, सामान डोक्यावर घेऊन दुसरी गाडी पकडावी लागे. जुन्या पिढीच्या आठवणीत मनमाडचा फलाट हा मुंबईचा उंबरठाच आहे. २००३ मध्ये नांदेडला रेल्वेचे विभागीय कार्यालय आले, पण त्याचे मुख्यालय सिकंदराबादला. हा विभाग मध्य रेल्वेला जोडा, ही मागणी मराठवाड्यात सतत होत राहिली आहे. एप्रिल २०१७ मध्ये उडान योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेडचेही एक होते. ते गेले हैदराबादला.

मग मुंबई कशासाठी? मंत्रालयासाठी. परळच्या टाटा रुग्णालयासाठी. संध्याकाळी देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसणाऱ्यांत अनुदानाच्या फायली घेतलेले शिक्षक असतात, बदलीसाठी निघालेले कर्मचारी असतात आणि मांडीवर एक्स-रेची मोठी पाकिटे धरून बसलेले नातेवाईकही.

“कुठं जायलात, मामा?”

“मुंबईला. साहेबाची सही राहिलीय.”

एका सहीसाठी दोन रात्री आणि एक दिवस. साहेब बैठकीला गेले असतील तर आणखी एक मुक्काम, आमदार निवासात ओळख निघाली तर तिथे. राजधानीजवळ राहणाऱ्याला हा खर्च दिसत नाही, कारण तो कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. तो शेतकऱ्याच्या आणि शिपायाच्या खिशातून जातो. मधला टप्पाही जवळ नाही. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि विभागीय आयुक्तालय दोन्ही छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे अडीचशे किलोमीटरांवर. नांदेडला वेगळे महसूल आयुक्तालय देण्याचा निर्णय २००९ मध्ये झाला. लातूरने विरोध केला आणि तो प्रश्न लोंबकळत राहिला. या शहराने शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण असे दोन मुख्यमंत्री दिले. सत्ता घरात आली तरी सहीची जागा मुंबईतच राहिली.

मात्र नांदेडला नुसते दूरचे गाव म्हणणे हा अन्याय होईल. डॉक्टर लेनमध्ये सकाळी उभे राहावे. हिंगोली, उमरखेड, किनवट, शिवाय तेलंगणातल्या आदिलाबादकडचे रुग्ण तिथे भेटतात. भाग्यनगर, श्यामनगर भागात नीटच्या शिकवण्यांना आलेली खेड्यांतली मुले खोल्या करून राहतात. डबा, झेरॉक्स, अभ्यासिका यांवर त्या गल्ल्यांचा संसार चालतो. उस्मानशाही मिलचा भोंगा बंद झाल्यावर शहराने स्वतःला असे दुसरे काम शोधले.

बुद्धीच्या बाबतीतही हे शहर कुणाच्या परवानगीची वाट पाहत बसले नाही. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने इथे पीपल्स कॉलेज उभे राहिले. पुढे तिथे नरहर कुरुंदकर शिकवू लागले. इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेला हा माणूस राजकारणापासून नाट्यशास्त्रापर्यंत कशावरही बोलायला उभा राहिला की पुण्या-मुंबईची सभागृहे भरत. त्यांनी नांदेड सोडले नाही. १९८२ मध्ये औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे प्राण गेले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. मोठे होण्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते, हा समज मोडून काढणारे याहून भक्कम उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

आणि गुरुद्वारा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदाकाठी देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात तिथे सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभी केली. त्यामुळे दोन हजार किलोमीटरांवरच्या अमृतसरला इथून रोज थेट गाडी आहे. पंजाबातल्या खेड्यातल्या आजीला महाराष्ट्राची राजधानी कदाचित सांगता येणार नाही, पण नांदेड तिला ठाऊक असते. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी केंद्राचा पैसा आला आणि रस्ते, पूल, घाट झाले. शहराचे रूप पालटले ते श्रद्धेच्या वाटेने. मंत्रालयाच्या वाटेने ते इतक्या लवकर पालटले नसते.

आता ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत येते. पहाटे पाचला निघून दुपारी अडीचच्या आत मुंबईत. वेळ वाचतो हे खरेच. पण अडीचला उतरलेल्या माणसाचे काम त्या दिवशी होईलच असे नाही, म्हणून फाईलवाला अजून रात्रीच्याच गाडीचे आरक्षण बघतो.

शिवाय नांदेडलाही स्वतःचे लांबचे लोक आहेत. धर्माबाद, बिलोलीकडच्या सीमेवरच्या गावांना जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा तेलंगणातले बाजार जवळचे, सोयरीकही पलीकडची. २०१८ मध्ये तेलंगणाने शेतकऱ्याला दर हंगामाला एकरी चार हजार रुपये द्यायला सुरुवात केली, तेव्हा धर्माबाद तालुक्यातल्या सरपंचांनी आमची गावे तेलंगणाला जोडा, अशी मागणी केली. पाणी, रस्ते, पेन्शन असे त्यांचे साधेच गाऱ्हाणे होते. नांदेडने मुंबईकडे वर्षानुवर्षे मांडलेले गाऱ्हाणे त्यांनी नांदेडच्या दारात आणून ठेवले होते.