खिडक्या

मोत्या गेला तेव्हा 13 वर्षांचा होता. मूत्रपिंडं थकली होती; शेवटचे 9 दिवस रोज दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणत होतो. गावाकडच्या शेतात, बांधावरच्या आंब्याखाली त्याला पुरलं. घरी येऊन आंघोळी केल्या, चहा झाला, आणि पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. माणूस गेला की सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, भेटायला लोक येतात. कुत्र्याच्या दुःखाला यातलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर जायचं.

ते दुःख मग हातापायांत राहतं. पहिल्या पोळीचा तुकडा मोडायला बायकोचा हात जायचा. दार उघडताना, तो जिन्याकडे धावू नये म्हणून, माझा पाय आडवा व्हायचा. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आईने सगळ्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले. फटाके वाजू लागले की मोत्या दिवाणाखाली शिरायचा, त्याच्यासाठीची ही दरवर्षीची तयारी. शेवटची कडी लावल्यावर तिच्या लक्षात आलं. ती तिथेच दिवाणावर बसली.

दुसरं कुत्रं आणायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. कुत्र्याचं आयुष्य 12-15 वर्षांचं. पन्नाशी ओलांडल्यावर माणूस हा हिशेब करतोच. शिवाय त्याच्या जागी दुसरं आणणं म्हणजे मोत्याशी प्रतारणा, असंही वाटायचं.

त्या दिवसांत नामदेवांची गोष्ट सारखी आठवायची. कुत्र्याने पोळी पळवली, तर कोरडी कशी खाईल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ते कुत्रं कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. वाटीत तूप होतं आणि समोर भुकेला जीव होता.

भाऊबीजेनंतर जिन्याखाली दीड-दोन महिन्यांचं एक गावठी पिल्लू थरथरत बसलेलं दिसलं. आईच खाली गेली आणि पदरात घेऊन आली. ती चिंगी. पार्वोची लस, जंताचं औषध, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पहिल्या रात्री तिने मोत्याची गोधडी हुंगायला घेतली. एक कोपरा, मग दुसरा, मग मधली ठिगळं. कुत्र्यांची ओळख वासातूनच होते. आम्हाला कधीच न दिसणारा मोत्या तिला तिथे भेटला असावा. मग स्वतःभोवती दोनदा फिरून ती त्याच गोधडीवर झोपली.

माझ्या मनातली प्रतारणेची बोच त्या रात्री गेली. मोत्याची जागा मोत्याचीच आहे, आंब्याखाली आणि आमच्यातही. पण त्याने 13 वर्षं आमच्या हातांना लावलेलं वळण रिकामं पडलं होतं, ते या जिवाच्या कामी आलं. दुसऱ्यावर माया करताना पहिल्याचं काही कमी होत नाही, हे आता मी खात्रीने सांगू शकतो.

यंदाही लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आईने खिडक्या लावल्या. चिंगी दिवाणाखाली जात नाही. तिला आईच्या देवघराशेजारचा कोपरा बरा वाटतो.