सहीचा अधिकार

आमचे बाबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर आहेत आणि तिथल्या युनियनचे खजिनदार. वर्गणीचा हिशेब मी लिहून देतो, माझ्या बी. कॉम.चा घराला तेवढाच उपयोग!

गेल्या वर्षी पगारवाढीचा करार झाला. कागद कन्नडमध्ये होता. बाबांचे मराठी सोबती संध्याकाळी आमच्या सोप्यात जमले. माझी शाळा मराठी, पण कन्नड वाचता येते, म्हणून मी एकेक कलम मराठीत सांगू लागलो. वाढीचा आकडा ऐकून सगळे खूश झाले. पुढच्या कलमात रोजच्या साच्यांची संख्या वाढवलेली होती. सोपा एकदम गप्प झाला.

"हे आम्हाला कुणी विचारलं होतं?" शेजारचे काका म्हणाले. खाली कमिटीच्या पाच सह्या होत्या. त्यांत एक बाबांची.

"सही कमिटीच करते," बाबा एवढेच बोलले. सगळे गेल्यावर मला हळूच म्हणाले, "ते कलम मलाही आजच कळलं रे." बाबा कन्नड फडाफडा बोलतात, वाचता येत नाही.

पुढे वर्गात मुंबईच्या गिरणी संपाचा विषय निघाला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मालकांशी बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता. कामगार एकीकडे, सहीचा अधिकार दुसरीकडे! आता २०२० च्या संहितेत, कारखान्यात अनेक युनियन असल्या तर, हजेरीपटावरच्या किमान ५१ टक्के कामगारांचा जिला पाठिंबा तिला तो हक्क मिळतो. परंतु आमच्या फाउंड्रीत युनियन एकच आहे, सभासदही सगळे. तरी करार त्यांना सहीनंतर कळला. बाहेर कोण बोलणार हे कायदा ठरवील. आत कुणाला विचारायचे हे सभासदांनीच ठरवायला हवे.

वार्षिक सभेत बाबांनी स्वतः ठराव मांडला: कराराचा मसुदा सहीपूर्वी मराठी व कन्नड दोन्ही भाषांत वाचून दाखवावा आणि त्यावर मत घ्यावे. ठराव दोन्ही भाषांत मीच लिहून दिला होता. तो मंजूर झाला. करार मात्र मुदत संपेपर्यंत तोच आहे. बाबा रोज तेवढे साचे भरूनच घरी येतात.