जव्हारचा चढ

फजर पढून, चहा घेऊन बोईसरहून सायकली काढल्या तेव्हा एमआयडीसीतली रात्रपाळी सुटत होती. चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगडपर्यंत गप्पा रंगल्या. पुढे चढ लागला आणि सगळे गप्प. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. टायफॉइडमधून उठल्यावर भाईजानची ही पहिलीच लांब फेरी. दोनदा ते म्हणाले, "टेम्पोला हात करा." आम्ही केला नाही, पण सायकली थांबवल्या. पाणी, दोन-दोन खजूर. (घरी अम्मीला हे अजून सांगितलेले नाही.) मग ठरवले, घाटमाथ्याकडे बघायचेच नाही, पुढचे सागाचे झाड, तेवढेच बघायचे. झाडामागून झाड मागे पडले. शेवटच्या वळणावर भाईजानच पुढे होते. "या लवकर, चहा सांगतो!"