सांडव्यावरची जाळी

आमच्या एका बालमित्राने पालघरच्या डोंगरपट्टीत थोडी जमीन घेऊन घर बांधले आणि आवारातून वाहणाऱ्या ओहोळावर मातीचा बंधारा घालून एक लहानसे तळे केले, त्याला आता पंधरा वर्षे झाली. बंधाऱ्याची उंची जेमतेम दोन पुरुष. सुट्टीत मुलाबाळांसह तेथे जावे, गळ टाकून निवांत बसावे, हा आम्हा स्नेह्यांचा परिपाठच होऊन गेला आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात बंधाऱ्यावरून फेरफटका मारताना आमचे लक्ष सांडव्याकडे गेले. तळे भरले की जादा पाणी बाजूने निघून जावे, म्हणून ठेवलेली ती वाट. पाळलेले मासे पावसाळ्यात वाहून जाऊ नयेत, यासाठी मित्राने तिच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसविली होती. पालापाचोळा व काटक्या अडकून ती अर्धीअधिक बुजली होती. ही जाळी आम्ही यापूर्वीही पाहिली असणार. परंतु त्या दिवशी अंगावर काटा आला, कारण अशाच एका जाळीची हकिकत आम्ही दूरच्या मुलुखात ऐकली होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही पुतणीकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात गेलो होतो. तिने आम्हांला जॉन्सटाउन हे गाव दाखविले. त्या गावाच्या वर सुमारे 14 मैलांवर साउथ फोर्कचे मातीचे धरण होते. मूळ धरण राज्य सरकारने कालव्यासाठी बांधले. कालव्याचे दिवस सरल्यावर ते हातोहात विकले गेले. मधल्या एका मालकाने तळाचे पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. 1879 साली ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या विहार मंडळाकडे आले. अँड्र्यू कार्नेगी व हेन्री फ्रिक हे त्याचे सभासद. मंडळाने नळ पुन्हा बसविले नाहीत. घोडागाड्यांना रस्ता रुंद हवा म्हणून धरणाचा माथा खाली उतरविला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या.

खालच्या पोलाद कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी 1880 साली आपला अभियंता पाठवून पाहणी करविली. पाणी उतरविण्याची सोय नाही, दुरुस्ती कच्ची आहे, असा अहवाल आला. मॉरेल यांनी खर्चाचा वाटा उचलण्याचीही तयारी दर्शविली. मंडळाने ती नाकारली आणि काळजीचे कारण नाही असे कळविले.

31 मे 1889 रोजी अतिवृष्टी झाली. जाळ्या केरकचऱ्याने तुंबल्या. माणसे सकाळपासून माथ्यावर माती टाकीत होती, जाळ्या उपसू पाहत होती. पण वेळ टळली होती. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले आणि सुमारे तासाभरात पाणी जॉन्सटाउनवर कोसळले. 2,209 माणसे गेली. त्यांतील 777 जणांची ओळखही पटली नाही. टेकडीवरील दफनभूमीत त्यांच्यासाठी नावाविना उभ्या केलेल्या पांढऱ्या शिळांच्या रांगांपुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. न्यायालयात मंडळाचा कोणीही सभासद दोषी ठरला नाही.

हे सारे आम्ही मित्राला सांगितले. तो हसून म्हणाला, “अरे, ते धरण बहात्तर फूट उंच! हे आपले डबके. पंधरा वर्षांत काही झाले का?”

“मंडळाच्या दुरुस्तीनंतर तेही आठ वर्षे उभेच होते,” आम्ही म्हणालो.

तेवढ्यात आमच्यासाठी भाकऱ्या भाजणाऱ्या बाई चहा घेऊन आल्या. बंधाऱ्याखालच्या पाड्यातले पहिले घर त्यांचे. आमचे बोलणे ऐकून त्या सहज म्हणाल्या, “लई पाऊस लागला का आम्ही पोरांना घेऊन वर शाळेच्या पडवीत निजायला जातो.”

किती वर्षांपासून, असे मित्राने विचारले.

“तळं झालं तवापासून.”

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. मित्र गप्प झाला. संध्याकाळी त्याने स्वतः जाळी कापून काढली.

पुढे एका निवृत्त पाटबंधारे अभियंत्यांना आणून आम्ही बंधारा दाखविला. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्याच होत्या. माथा मध्यभागी खचू देऊ नये. पाणी आधी तेथूनच ओसंडते आणि माती धुऊन नेते. भरावावर झाडे वाढू देऊ नयेत. मुळे कुजली की पाण्याला वाटा मिळतात. मोठे झाड मात्र विचारल्याशिवाय उपटू नये. खेकडे व घुशींची बिळे बुजवावीत. पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल तर त्यावर लक्ष ठेवावे. ते गढूळ झाले तर आतली माती वाहू लागली असे समजून पाणी उतरवावे आणि खालच्यांना उठवावे. पाणी उतरविण्यासाठी तळाशी झडपेची नळी हवीच. ती आमच्या तळ्यालाही नव्हती. आता बसविली आहे.

2021 सालचा धरण सुरक्षा कायदा मुख्यत्वे 15 मीटरहून उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटरची काही धरणेही त्यात येतात. मित्राच्या तळ्यासारखी तळी त्याच्या कक्षेत येत नाहीत. तेथे पाहणीला कोणी अधिकारी येणार नाही. मालकाने आणि त्याच्या पाहुण्यांनीच डोळे उघडे ठेवावयाचे. पाण्याची मौज वरच्यांनी घ्यावी आणि त्याची धास्ती खालच्यांनी बाळगावी, ही वाटणी आम्हीही पंधरा वर्षे बिनतक्रार चालू दिली होती.

त्या जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात सांडवा मोकळा वाहिला आणि मित्राचे निम्मे मासे ओहोळात गेले. पाड्यातल्या पोरांनी ते टोपल्यांनी धरले. त्यांतलेच चार मासे बाईंनी रांधून आमच्या पुढ्यात ठेवले. त्या रात्री पोरे घरीच निजली होती, असे त्या म्हणाल्या.