पपनसांचें गांव

समुद्राशीं मराठवाड्याचा संबंध पावसापुरताच. पाऊस आला कीं तो समुद्राकडून आला एवढें आम्हांस ठाऊक. न आला तर समुद्राची आठवणहि होत नाहीं. माझा जन्म लातूरचा, अध्यापन सारें नांदेडचें. पोहणें शिकलों तें गोदावरीच्या डोहांत, आणि शीड म्हणजे काय याची ओळख झाली ती इंग्रजी काव्याच्या पुस्तकांत. असा मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, 2016 च्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत, मॉरिशस बेटाच्या किनाऱ्यालगत एका शिडाच्या नौकेंत बसलों होतों, हें वाचून माझ्या परिचयाचे वाचक हंसतील. हंसोत बापडे!

नौका तिकडे स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या सहाध्यायाची. ग्रां बेहून निघून पोर्ट लुई बंदर गांठावयाचें आणि तेथून मोटारीनें पांपलमूसचें वनस्पति-उद्यान पाहावयास जावयाचें, असा त्याचा बेत. थेट मोटारीनें जाणें कितीतरी सोपें. पण ज्या बागेंतील झाडें शिडाच्या जहाजांतून आलीं, तिच्याकडे शिडाखालूनच गेलें पाहिजे, हा त्याचा हट्ट. आग्नेयेचा वारा डाव्या कुशीवर घेऊन नौका एका अंगावर कलली ती कललेलीच राहिली. मी दोन्ही हातांनीं कठडा धरून होतों. सुकाणूवरून तो ओरडला, "अरे, हा वारा ओळखलास का? हा तुमच्याकडेच निघाला आहे!"

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. दक्षिण हिंदी महासागरावर हवेच्या अधिक दाबाचा एक विस्तीर्ण प्रदेश असतो. त्यास या मस्करीन बेटांचेंच नांव आहे. तेथून निघालेला वारा वायव्येस वाहत विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या भ्रमणामुळें आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ उजवीकडे वळतो, आणि नैर्ऋत्येचा होऊन आपल्या सह्याद्रीवर आदळतो. महाबळेश्वरास तो वर्षाकाठीं 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाणी ओततो. लातुरास पोंचेपर्यंत त्याच्या झोळींत सरासरीनें 800 च्या आसपास उरतें. 2014 आणि 2015 या लागोपाठच्या वर्षीं तेवढेंहि उरलें नाहीं. मांजरा धरण आटलें, पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम लागला, आणि 12 एप्रिल 2016 रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. मी मॉरिशसमध्यें होतों त्या आठवड्यांतहि ती गाडी चालूच होती, आणि मोसमी पाऊस अद्याप केरळासहि पोंचला नव्हता.

पांपलमूस म्हणजे फ्रेंच भाषेंत पपनस. पपनसांचें गांव! नांव ऐकतांच मला गणपतीपुढच्या फळांची आठवण झाली. फ्रेंच अमदानींत, 1770 सालीं, पिएर प्वाव्र नांवाच्या अधिकाऱ्यानें ही जागा विकत घेतली. त्याच्या नांवाचाच अर्थ मिरें, आणि गृहस्थाचा सारा जन्म मसाल्यांच्या मागें गेला. 1745 मध्यें इंग्रजांशीं झालेल्या आरमारी झटापटींत त्याचा उजवा हात गेला. तरी डचांच्या कडक पहाऱ्यांतून जायफळ-लवंगांचीं रोपें पळवून आणविण्याचा त्याचा नाद सुटला नाहीं. चोरीच ती. पण भाव टिकावा म्हणून जे डच लवंगेचीं झाडेंच्या झाडें तोडून टाकीत, त्यांच्या मक्त्यावर पडलेला हा दरोडा मला तरी फारसा निंद्य वाटत नाहीं. पुढें झांजीबारच्या लवंगांचा वंशहि याच बेटांकडून गेला. आणि आपण तरी निराळे कोण? बालाघाटच्या डोंगरांतील सीताफळ आम्ही अगदीं आमच्या मातींतलें म्हणून मिरवितों. तें मूळचें अमेरिकेचें, शिडाखालून आलेलें!

जन्मांत एकदांच फुलून मरणारा श्रीताल पाहिला, गोरखचिंच पाहिली; पण पाय खिळले ते कमळांच्या लांबट तळ्यापाशीं. ॲमेझॉनच्या खोऱ्यांतून आलेल्या या व्हिक्टोरिया कमळाचें पान म्हणजे काठ उभे दुमडलेली भली मोठी परात. त्याचें फूल पहिल्या रात्रीं पांढरें व दुसऱ्या रात्रीं गुलाबी होतें म्हणतात; त्या दिवशीं एकहि फूल नव्हतें. मला त्याचें वाईट वाटलें नाहीं. पानांच्या मधून दिसणाऱ्या पाण्याकडेच माझें लक्ष होतें, आणि या तळ्यांतून किती वाघिणी भरतील, याचा हिशोब मन करूं लागलें होतें. सौंदर्याच्या ठिकाणीं असा हिशोब करणें अरसिकपणाचें खरें. पण लातूरच्या माणसाकडून त्या वर्षीं दुसरें काय व्हावें?

आम्हांस बाग दाखविणारे वृद्ध गृहस्थ मराठी वंशाचे निघाले. 1834 नंतर उसाच्या मळ्यांसाठीं मजूर आले, त्यांत मुंबई बंदरांतून शिडाच्या जहाजांवर चढलेले मराठेहि होते. यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, एवढेंच त्यांस ठाऊक. मोडक्यातोडक्या मराठींत त्यांनीं विचारलें, तुमच्या मुलखांत यंदा पाऊस कसा? मीं आगगाडीची हकीकत सांगितली. मी थट्टा करतों आहें, असें त्यांस प्रथम वाटलें असावें. मग ते हातांतली काठी तळ्याच्या कांठावर टेकून उगेच उभे राहिले.

संध्याकाळीं लातुरास वडील बंधूंना फोन केला. टँकर गल्लींत आला का, म्हणून विचारलें.

"उद्यां येईल म्हणतात. बाग पाहिलीस का?"

मीं पाहिली म्हणून सांगितलें. वाऱ्याचीहि हकीकत सांगितली, तो कोठून निघतो आणि कोठें जातो ती. दादा कांहीं वेळ बोलले नाहींत.

"आज कसा होता?"

"चांगला होता. नौका सारखी कललेली होती."

"मग इकडे यायला त्याला किती दिवस लागतात रे?"